डाव्या रस्त्याची गाडी उजव्या रस्त्यावर नेताना हेडलाइटचं काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आयर्लंडमध्ये चार वर्षं वापरलेली उजव्या स्टिअरिंगची हॅचबॅक घेऊन तुम्ही जर्मनीला राहायला निघालात, तेही कायमचे. मित्र म्हणतो, काचेवर स्टिकर लाव. गॅरेजवाला म्हणतो, स्क्रू फिरवून फोकस खाली करून देतो, कोणाला कळणारही नाही. गाडीच्या मेनूत तुम्हाला ‘ट्रॅव्हल मोड’ सापडलाय आणि तो चालू केला की झालं असं वाटतंय. शेवटी तुम्ही विचारलंय, हेडलाइट खरंच बदलावे लागतात, की ही सुटे भाग विकणाऱ्यांची भीती घालायची पद्धत आहे?

मी १८ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं आणि दिव्यांचं काम करतोय. त्यातला बराचसा वेळ देश बदललेल्या गाड्यांमध्येच गेला. उत्तर आधीच सांगतो: बहुधा बदलावे लागतील. ‘बहुधा’ एवढ्यासाठी की नक्की काय ते तुमच्या हेडलाइटच्या काचेवर लिहिलेलं असतं, आणि तुम्ही ते अजून वाचलेलं दिसत नाही. ते वाचेपर्यंत खिशात हात घालू नका. कसं वाचायचं ते खाली येतंय, पण त्याआधी मुळात काय बिघडतं ते समजून घ्या. नाहीतर मित्र, गॅरेजवाला आणि मेनू, तिघांचंही तुम्हाला एकाच वेळी पटत राहील.

तिघंही ‘वर की खाली’ एवढाच विचार करतायत. तुमची अडचण डाव्या-उजव्याची आहे. डिपरचा, म्हणजे खाली पडणाऱ्या जवळच्या झोताचा, प्रकाश दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. रात्री गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटरवर उभी करा आणि डिपर लावा. भिंतीवर प्रकाशाची वरची कड स्पष्ट दिसेल. रस्त्याच्या मधल्या बाजूला, म्हणजे जिकडून समोरच्या गाड्या येतात तिकडे, ती कड आडवी आणि खाली असते. कडेच्या बाजूला मात्र ती तिरकी वर चढते, बऱ्याच दिव्यांत १५ अंशांनी. आम्ही कामात त्याला नुसतं ‘चढ’ म्हणतो. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून एक बाजू दाबलेली असते. कडेने चालणारा माणूस, सायकलवाला, पाटी लांबून दिसावी म्हणून दुसरी उचललेली असते. आयर्लंडमध्ये गाड्या डावीकडून चालतात, म्हणून तुमच्या दिव्याचा चढ डावीकडे आहे. जर्मनीत डावीकडून समोरची गाडी येणार.

थोडं गणित करू, कारण ‘डोळ्यांवर येतं’ म्हटलं की लोक म्हणतात, येऊ दे थोडं. हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे असं धरा. फोकस १ टक्का खाली लावलेला आहे, म्हणजे दर १० मीटरला १० सेंटिमीटर उतार. ५० मीटरवर आडवी कड जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर आलेली असते. ही झाली सुरक्षित बाजू. चढाच्या बाजूला मात्र बाजूला सरकलेल्या दर मीटरला सुमारे २७ सेंटिमीटर उंची वाढते. समोरची गाडी तुमच्यापासून साडेतीन मीटर बाजूने येत असेल, तर तिथे प्रकाशाची कड १०९ सेंटिमीटरवर जाते. साध्या मोटारीत बसलेल्या ड्रायव्हरचे डोळे साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर असतात. म्हणजे समोरची गाडी ५० मीटरच्या आत आली की तिचा ड्रायव्हर तुमच्या उजेडातच बसलेला असतो, आणि ती जवळ येईल तसा अजूनच आत जातो. हे कोरड्या, सपाट, सरळ रस्त्याचं. पाऊस, वळण, मागे बसलेली माणसं आणि डिकीतलं सामान अजून धरलेलंच नाही.

हॅलोजन हेडलाइटसाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ११२ क्रमांकाचा नियम आहे. त्यातले दोन आकडे मी शिकाऊ मुलांना नेहमी सांगतो. समोरच्या ड्रायव्हरचे डोळे जिथे असतील असं धरलंय त्या बिंदूवर प्रकाश जास्तीत जास्त ३५० कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक) चालतो. कडेच्या बाजूला ७५ मीटरवर रस्ता उजळणाऱ्या बिंदूवर, नेहमीच्या मोटारींना जो वर्ग लागतो त्यात, तो कमीत कमी १०,१०० कँडेला लागतो. एकाच दिव्याच्या दोन बाजूंत जवळजवळ तीसपट फरक. दिवा बनवणाऱ्याने सगळी अक्कल या फरकात घातलेली असते, आणि चुकीच्या बाजूच्या देशात गेलात की ती उलटी तुमच्या अंगावर येते.

स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे याचा प्रकाशाशी संबंध नाही, हेही इथेच सांगतो. लोक मला विचारतात, ‘स्टिअरिंग उजवीकडेच राहणार, मग लाइट का बदलायचे?’ लाइट रस्त्याकडे बघतो, ड्रायव्हर कुठे बसलाय ते त्याला माहीत नसतं. कायद्यानेही या दोन गोष्टी वेगळ्या धरल्यात. पोलंड आणि लिथुआनिया उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांची नोंदणी करताना स्टिअरिंग डावीकडे हलवायची अट घालत होते. युरोपीय न्यायालयाने २० मार्च २०१४ रोजी ती अट युरोपीय कायद्याविरुद्ध ठरवली. तेव्हा स्टिअरिंग हलवायची चिंता सोडा. दिव्यांना ही सूट नाही.

आता गॅरेजवाल्याचा स्क्रू. हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो पटकन पटतो आणि फुकटात होतो. फोकस एवढा खाली आणला की चढसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत पोचणार नाही, तर समोरचा सुटला. तुमचं काय? १ टक्क्याला तुमची आडवी कड जमिनीला ६५ मीटरवर टेकते. अडीच टक्क्यांवर आणली की ती २६ मीटरवर टेकेल. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दीड सेकंद लक्षात यायला आणि पाय ब्रेकवर जायला, म्हणजे ३३ मीटर. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ मीटर. झाले ६८. तुम्हाला दिसतात २६. उरलेल्या ४२ मीटरमध्ये काय आहे ते तिथे पोचल्यावरच कळणार. काही जण आडवा स्क्रू फिरवून सगळा झोतच उजवीकडे वळवतात. त्यानेही चढाची दिशा बदलत नाही, फक्त उजेडाचा मुख्य भाग रस्ता सोडून गटारात पडतो.

बल्ब अदलाबदल करून किंवा डावा हेडलाइट उजवीकडे लावून काही होतं का, असंही एकाने मला विचारलं होतं. तसं होत नाही. चढ बल्बच्या आतल्या पत्र्यामुळे, परावर्तकाच्या घडणीमुळे, काचेवरच्या रेघांमुळे किंवा प्रोजेक्टरमधल्या, म्हणजे भिंगातून झोत टाकणाऱ्या दिव्यातल्या, पडद्यामुळे तयार होतो. दोन्ही दिव्यांत चढाची दिशा एकच असते. जुन्या काही एच-४ (डिपर-अप्पर एकाच बल्बमध्ये असलेल्या) दिव्यांत बल्बचा होल्डर दोन जागी बसायचा. तो थोडा फिरवला की चढ दुसरीकडे जायचा. फार छान सोय होती ती. तुमच्या गाडीच्या पिढीत ती नसणार.

स्टिकरबद्दल मित्र अगदीच चुकीचं सांगत नाहीये, फक्त तो पर्यटकासाठीचा सल्ला तुम्हाला देतोय. त्याच आयोगाच्या ४८ क्रमांकाच्या नियमात उलट बाजूच्या देशात गाडी तात्पुरती नेण्यासाठी वेगळी तरतूद आहे: काचेचा ठरावीक भाग झाकणं, दिव्यातच बदलायची सोय असणं असे उपाय त्यात बसतात. स्टिकर चढाचा प्रकाश अडवतो किंवा पसरवतो. अडवलेला प्रकाश उजवीकडे जात नाही, तो वायाच जातो. म्हणजे समोरच्याचा त्रास कमी होतो, पण तुमची नवी कड, जिथे जर्मनीतला सायकलवाला असणार, ती अंधारीच राहते. शिवाय स्टिकर कुठे लावायचा याचा नकाशा मॉडेलप्रमाणे बदलतो. प्रोजेक्टर किंवा एलईडी दिव्यात अंदाजाने लावला तर काहीच बदल होत नाही असंही मी पाहिलंय. माझ्याकडे आलेल्या एका गाडीवर तो आठ महिने होता. काढल्यावर प्लॅस्टिकच्या काचेवर त्याचा चौकोनी डाग राहिला, तो पॉलिशनेही पूर्ण गेला नाही. प्रवासात लावा, पोचलात की काढा.

ट्रॅव्हल मोड हा स्टिकरचाच सुधारलेला भाऊ. झेनॉनच्या काही प्रोजेक्टर दिव्यांत मागचं झाकण उघडून एक छोटी दांडी खाली-वर करावी लागते. नंतरच्या गाड्यांत तेच मेनूतून होतं, आणि काही गाड्या जीपीएस पाहून आपोआप करतात. बहुतेक गाड्यांत हा मोड चढ खाली आणून कड दोन्हीकडे सपाट करतो. समोरच्याला त्रास नाही, ही चांगली गोष्ट. पण चढ दुसऱ्या बाजूला उभा राहत नाही. म्हणजे उजवीकडे ६५ मीटरच्या पुढे उजेड नाही, आणि वर आपण हिशेब केला त्याप्रमाणे ताशी ८० ला थांबायला ६८ मीटर लागतात, म्हणजे तो थोडा कमीच पडतो. बऱ्याच गाड्यांत या मोडमध्ये वळणावर फिरणारा दिवा, हायवेचा लांब झोत असली जादा कामंही बंद पडतात. गाडीच्या पुस्तकात कधीकधी लिहिलेलं असतं की उलट बाजूच्या देशात ‘काही करण्याची गरज नाही’. ते वाक्य फिरायला जाणाऱ्यासाठी असतं. नोंदणी करून तिथेच राहणाऱ्या गाडीला ते लागू करायला जाऊ नका.

इथवरचं थोडक्यात: फेरीबोटीतून उतरून नव्या घरापर्यंत जाताना ट्रॅव्हल मोड वापरा, तो नसेल तर स्टिकर लावा, त्यात काही चूक नाही. स्क्रू कधीच नको. पुढे कायमची नोंदणी करायची तर झोत खरोखर उजव्या बाजूचा असला पाहिजे. ते तुमच्या दिव्यातच शक्य आहे की नवा दिवा लागेल, एवढंच आता बघायचं.

आता काच. हेडलाइटसमोर उकिडवे बसा, ओल्या फडक्याने काच पुसा, टॉर्च तिरपी धरा. कुठेतरी, बहुतेक खालच्या कडेला, उठावाची बारीक अक्षरं दिसतील. वर्तुळात ‘ई’ आणि एक आकडा असेल: १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन, २४ आयर्लंड. इथे बरेच जण फसतात. हा आकडा मान्यता कोणत्या देशाने दिली ते सांगतो, दिवा कुठे वापरायचा ते नाही. ‘माझ्या लाइटवर ई-१ आहे, म्हणजे जर्मनीचाच आहे’ असं म्हणत एक जण माझ्याशी अर्धा तास वाद घालत होता. ई-१ असलेला दिवा डाव्या रस्त्याचा असू शकतो आणि ई-११ असलेला उजव्या रस्त्याचा.

खरी खूण म्हणजे बाण. दिव्याकडे तोंड करून बसलात आणि आडवा बाण तुमच्या उजव्या हाताकडे दाखवत असेल, तर दिवा फक्त डावीकडून चालणाऱ्या रस्त्यांचा आहे. गाडीसमोर बसलात की तुमचा उजवा हात म्हणजे गाडीची डावी बाजू, हे लक्षात ठेवा, घोळ तिथेच होतो. बाणच नसेल तर दिवा उजवीकडून चालणाऱ्या रस्त्यांचा. जर्मनीत विकलेल्या गाडीवर बाण शोधत बसलात तर बऱ्याचदा तो सापडत नाही, कारण तो नसतोच. आणि दोन्हीकडे टोक असलेला बाण दिसला तर तुमचं नशीब चांगलं आहे. तो दिवा दोन्ही रस्त्यांसाठी मान्य आहे, फक्त बाजू बदलायची आहे. आपल्या आपण तो बदललेला नसतो, हे विसरू नका. कुठे दांडी असते, कुठे मेनू, कुठे कंपनीच्या उपकरणाने गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये रस्त्याची बाजू बदलून द्यावी लागते. नव्या मॅट्रिक्स एलईडी (अनेक छोटे एलईडी वेगवेगळे चालू-बंद होणाऱ्या) गाड्यांत हे बऱ्याचदा दिसतं: दिवा तोच, नुसती माहिती बदलली की चढ दुसरीकडे. तुमची गाडी चार-पाच वर्षांची असेल आणि वरच्या श्रेणीची असेल तर ही शक्यता आहे, म्हणूनच आधी काच वाचा म्हणालो.

बाणाच्या आसपास आणखी अक्षरं दिसतील, तीही टिपून घ्या. एचसी म्हणजे हॅलोजन डिपर, एचआर म्हणजे हॅलोजन अप्पर, एचसीआर म्हणजे दोन्ही. डीसी, डीआर, डीसीआर ही झेनॉनची. पीएल म्हणजे काच प्लॅस्टिकची. नवे दिवे शोधताना ही अक्षरं जुळली पाहिजेत. हॅलोजनच्या गाडीला झेनॉनचे हेडलाइट स्वस्तात मिळाले म्हणून बसवू नका. २,००० ल्यूमेनच्या (बल्बच्या एकूण प्रकाशाचं माप) वरच्या दिव्याबरोबर गाडीच्या भारानुसार आपोआप वर-खाली होणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे मागितले गेले आहेत. नुसते दिवे बदलून ते येत नाहीत, आणि नोंदणीच्या तपासणीत पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं.

आता समजा बाण एकाच बाजूचा निघाला. तुमची गाडी जर्मनीत विकली जाणारं मॉडेल असेल तर काम सरळ आहे. बॉडी तीच, ब्रॅकेट तेच, हॅलोजनमध्ये बहुतेक वेळा कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लगही तोच. तुमचे बल्ब काढून नव्या दिव्यात घालता येतात. जोडीनेच घ्या. एक नवा, एक जुना असं करू नका, कारण उन्हाने पिवळी पडलेली काच आणि नवी काच यांचा प्रकाश कधीच जुळत नाही. जुना माल घेत असाल तर बसवायचे कान तुटलेले नाहीत ना, आत वाफेचे थेंब नाहीत ना, एवढं बघा. आणि गाडीचं नक्की वर्ष बघा. मधेच चेहरा बदललेलं मॉडेल असेल तर दिवा बाहेरून हुबेहूब दिसतो आणि कपलर वेगळा निघतो. हे मला आठवून सांगावं लागत नाही. एकदा फोटो पाहून जोडी मागवली, बंपर उतरवून ठेवला आणि मग लक्षात आलं की एका कपलरला दोन पिना जास्त आहेत. गिऱ्हाईक दोन दिवस बिनदिव्याच्या गाडीचं तोंड बघत बसलं होतं.

एलईडी किंवा झेनॉन असेल तर खरेदीच्या आधीच एक गोष्ट लेखी घ्या: नवे दिवे गाडीत नोंदवून कोण देणार? काही गाड्यांत दिव्याचं कंट्रोल युनिट गाडीच्या क्रमांकाशी बांधलेलं असतं, आणि ते नोंदवल्याशिवाय डॅशबोर्डवर चूक दाखवत राहतं. शक्य असेल तिथे आम्ही जुन्या दिव्याचे मॉड्यूल काढून नव्यात बसवतो, पण सगळ्या गाड्यांत ते चालत नाही. आणि कृपा करून नवे दिवे बसवल्यावर ट्रॅव्हल मोड बंद करा. एक गिऱ्हाईक महिनाभर तक्रार करत होतं की नव्या दिव्यांत दमच नाही. गाडी आणून बघितली तर मेनूत प्रवासाचं चिन्ह अजून चालूच. योग्य बाजूचा चढ त्याने स्वतःच दाबून ठेवला होता.

बसवून झालं की फोकस मशीनवर लावून घ्या. टायरची हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, डिकी रिकामी, आणि हाताने फोकस खाली-वर करायची चकती असेल तर ती शून्यावर. किती टक्के खाली लावायचं ते गाडीवरच लिहिलेलं असतं, दिव्याजवळ किंवा कंपनीच्या पट्टीवर. बऱ्याच मोटारींत ते १ टक्क्याच्या आसपास असतं. तपासणीला जायच्या आदल्या रात्री तोच भिंतीचा प्रयोग पुन्हा करा. आडवी कड डावीकडे, चढ उजवीकडे, असं दिसलं की निवांत झोपा.

आता एक भाग असा आहे जो लोक हमखास विसरतात आणि त्यावरून गाडी परत येते: मागचा फॉग लाइट. एकच फॉग लाइट असेल तर तो रस्त्याच्या मधल्या बाजूला असावा लागतो. तुमच्या आयरिश गाडीत तो मागे उजवीकडे असणार, जर्मनीत तो डावीकडे किंवा मध्यावर हवा, नाहीतर दोन्हीकडे. कित्येक गाड्यांत मागच्या दोन्ही दिव्यांची खोकी सारखीच असतात, एकीत फॉगचा बल्ब आणि दुसरीत रिव्हर्सचा. तसं असेल तर होल्डर आणि वायर बदलून, कधीकधी रंगीत काच बदलून काम होतं. कुठे मागचे दिवेच बदलावे लागतात. डिकी उघडून आधीच बघून ठेवा, हेडलाइट मागवताना तेही एकदमच मागवता येईल. स्पीडोमीटरची काळजी तुम्हाला नाही, आयर्लंड २० जानेवारी २००५ पासून किलोमीटरवर आलंय. ब्रिटनमधून येणाऱ्याला तीही एक पायरी जास्त असते.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही स्पष्ट सांगतो. तपासणारा माणूस किती काटेकोर, ट्रॅव्हल मोडची सपाट कड कोणी चालवून घेतो का, यावर मी पैज लावणार नाही. कोणीतरी ‘माझी झाली पास’ म्हणेल आणि ते खरंही असेल. पण पास झाली म्हणून उजवीकडचा सायकलवाला लांबून दिसायला लागत नाही, आणि अपघात झाला तर विम्याची माणसं दिव्याची काच वाचतात. ज्या केंद्रावर तपासणी करणार आहात तिथे निघण्याआधी एक ईमेल टाका: गाडीचं मॉडेल, काचेवरची अक्षरं, बाणाचा फोटो. लेखी उत्तर मिळालं तर ते छापून गाडीत ठेवा.

बाकीचे वाचणारे दुसऱ्या देशांतून जाणारे असतील, त्यांच्यासाठी थोडं. आयर्लंडहून माल्टा किंवा सायप्रसला जात असाल तर रस्ता डावाच, हेडलाइटच्या बाजूला हात लावायचं कारण नाही. जपानमधून रशियाच्या पूर्व भागात गेलेल्या गाड्यांची अडचण तुमच्यासारखीच: स्टिअरिंग उजवीकडे, रस्ता उजवा, दिवा डावा. त्यात गाडी फक्त जपानमध्येच विकलेलं मॉडेल असेल तर उजव्या रस्त्याचा दिवा बनलेलाच नसतो, आणि मग दुसऱ्या नावाने परदेशी विकलेलं जुळं मॉडेल शोधावं लागतं. प्रोजेक्टर उघडून आतला पडदा उलटा बसवणारे कारागीर मला माहीत आहेत, काम सुरेखही करतात. पण काचेवरचा बाण तोच राहतो, आणि उघडलेल्या दिव्याची मान्यता संपते.

अमेरिकेतून युरोपात येणाऱ्यांचं उलटं आहे. तिथला रस्ता उजवाच, त्यामुळे झोताची बाजू बरोबर असते. पण त्यांचे दिवे १०८ क्रमांकाच्या त्यांच्या स्वतःच्या मानकाचे, काचेवर डीओटी (अमेरिकेच्या वाहतूक खात्याची खूण) लिहिलेले. झोताची घडण वेगळी असते, डोक्यावरच्या पाट्या दिसाव्यात म्हणून कडेच्या वरही थोडा प्रकाश सोडलेला असतो. ‘ई’ची खूण नसेल तर बाजू बरोबर असूनही कागद अडतो. शिवाय मागचे इंडिकेटर तिथे लाल चालतात, युरोपात ते नारिंगी लागतात.

जुन्या लोकांचं या बाबतीत सोपं होतं, याचा मला कधीकधी हेवा वाटतो. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी एका पहाटे सगळा देश डावीकडून उजवीकडे नेला. तेव्हा तिथल्या गाड्यांचे हेडलाइटही बदलावे लागले. पण त्या काळी बरेचसे दिवे ठरावीक मापाचे गोल असत, एक काढायचा, दुसरा लावायचा, की झालं. आज एका हेडलाइटमध्ये मोटर, पंखा, कंट्रोल युनिट आणि कॅमेऱ्याशी बोलणारी वायर असते, आणि तो बंपर उतरवल्याशिवाय बाहेर येत नाही.

जुने दिवे फेकू नका. जर्मनीतून आयर्लंडला किंवा ब्रिटनला गाडी नेणारा कोणीतरी नेमकी तीच जोडी शोधत असतो, आणि डावीकडून चालणाऱ्या देशांत पुढे परत जायची शक्यता असेल तर माळ्यावर ठेवून द्या. तूर्तास एवढंच करा: उद्या सकाळी काच पुसून दोन्ही दिव्यांवरची अक्षरं लिहून काढा, बाण कुठे दाखवतो ते बघा, मागचा फॉग लाइट कुठल्या बाजूला आहे ते बघा, आणि गाडीचं मॉडेल व वर्ष यांच्यासकट इथे कळवा. दोन टोकांचा बाण निघाला तर नवे दिवे मागवायचा विचार तिथेच सोडून द्या.